शब्द कोठे आहेत? : घरासाठी स्पीकर निवडताना

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील टीव्ही रुंद झाले, पण त्याचबरोबर ते सपाटही झाले. तसबिरीसारखा भिंतीवर टांगता येणारा संच दिसावयास देखणा असतो. परंतु भरदार आवाजासाठी जी पोकळी लागते ती त्याच्या पोटात उरलेली नसते. त्याचे इवलेसे स्पीकर बहुधा तळाशी किंवा पाठीमागे असतात, आणि त्यांचा आवाज थेट आपल्याकडे न येता टेबलावर किंवा भिंतीवर आपटून येतो. म्हणून नवा संच घरी येऊन महिना-दोन महिने झाले की घरात एक विषय हटकून निघतो : चांगले स्पीकर घ्यावयाचे. मुलांना चित्रपटगृहातील गडगडाट हवा असतो, वडीलधाऱ्यांना गाणे हवे असते, आणि घर चालविणाऱ्यापुढे महिन्याचा जमाखर्च असतो. एकाच खर्चात दोन्ही साधेल काय, ह्या प्रश्नाचा आज विचार करू.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त आम्ही भिलाईस कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. त्या दिवाळीच्या बोनसातून मी होम थिएटरचा एक संच आणला. एका खोक्यात पाच चिमुकले स्पीकर आणि एक अवजड सबवूफर होता, आणि खोक्यावर वॅटचा चार आकडी आकडा ठळक छापलेला होता. दुकानात मारामारीचा एक प्रसंग लावून दाखविला तेव्हा कपाटाची काच थरथरली, आणि मी खिशात हात घातला. घरी पहिले चार दिवस कौतुकात गेले. वडील तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. नाट्यसंगीत आणि अभंग हा त्यांचा रोजचा विरंगुळा. रविवारी मोठ्या हौसेने मी त्यांच्या आवडीची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. डग्गा ढोलासारखा घुमू लागला, आणि गाणारा जणू दाराआडून गात होता. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र आपला जुना ट्रान्झिस्टर घेऊन ते आतल्या खोलीत बसू लागले. पुष्कळ दिवसांनी ते माझ्या पत्नीला म्हणाले, “सूनबाई, त्यात आवाज पुष्कळ आहे, शब्द कोठे आहेत?”

स्पीकर निवडण्याची सारी कसोटी ह्या एका प्रश्नात सामावलेली आहे, हे समजावयास मला आणखी दोन वर्षे लागली.

गाणे आणि चित्रपट : मूळ एकच

संगीताचे स्पीकर वेगळे आणि चित्रपटाचे वेगळे, अशी आपली समजूत बाजाराने करून दिली आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लूमलाइन हा तरुण अभियंता आपल्या भावी पत्नीसह बोलपट पाहावयास गेला होता, अशी हकिकत सांगतात. पडद्यावर नट एका बाजूस आणि त्याचा आवाज भलत्याच बाजूने, हे त्याला खटकले. आवाजाने नटाच्या मागोमाग चालावे अशी युक्ती आपल्याला सुचली आहे, असे त्याने तिला सांगितले. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. दोन मार्गांनी ध्वनी मुद्रित करावयाचा आणि दोन स्पीकरांतून ऐकवावयाचा, ही जी स्टिरिओ पद्धत आज आपण घरोघर वापरतो, तिचा पाया त्या अर्जात आहे. सामान्य घरांत ती पोहोचली १९५८ च्या सुमारास, दोन मार्गांच्या तबकड्या विक्रीस आल्या तेव्हा. म्हणजे चित्रपटगृहात सुचलेली कल्पना गाण्याच्या खोलीत वाढली.

ह्या पद्धतीचे मर्म असे : दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज सारख्याच जोराने आणि एकाच क्षणी आपल्या दोन्ही कानांवर पडला, तर तो दोन ठिकाणांहून आल्यासारखा वाटत नाही. मेंदू त्याला बरोबर मध्यभागी बसवितो. गायक दोन पेट्यांच्या मध्ये, रिकाम्या जागी बसून गात आहे असा भास होतो. टीव्ही त्या दोन पेट्यांच्या मध्ये असेल तर पात्रांचे संवादही पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. गाण्यासाठी जे चांगले तेच चित्रपटासाठीही पुष्कळ अंशी चांगले, ते ह्यामुळे.

कसोटी माणसाच्या आवाजाची

निरोगी तरुण कानास सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेला ध्वनी ऐकू येतो. ह्या साऱ्या पट्ट्याची आपल्याला सारखीच गरज असते काय? पुरुष गायक ‘काळी एक’मध्ये गात असेल तर त्याचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा, आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ कंपनांची असते. ‘काळी चार’मध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २०८ च्या आसपास, आणि तिच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ च्या. तात्पर्य, जो स्पीकर ६० कंपनांपर्यंत प्रामाणिकपणे उतरतो, त्यावर आपले बहुतेक कंठसंगीत समाधानाने ऐकता येते. पाच ते साडेसहा इंच व्यासाचा वूफर असलेली, कपाटावर मावणारी लाकडी पेटी एवढे काम बहुधा करते.

वरच्या पट्ट्याचे महत्त्व वेगळे आहे. स्वर आवाजाला बळ देतात, पण अर्थ व्यंजने देतात. ‘सहा’ आणि ‘दहा’ ह्यांत भेद आहे तो पहिल्या व्यंजनाचा. आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’ ह्यांसारख्या वर्णांची ओळख मुख्यतः दोन हजारांपासून आठ हजारांपर्यंतच्या कंपनांत असते. वय वाढू लागले की कानाची शक्ती प्रथम ह्याच वरच्या बाजूने कमी होते. म्हणून आजोबा ‘काय म्हणाला तो?’ असे विचारतात तेव्हा त्यांना आवाज ऐकू येत नसतो असे नाही. व्यंजने ऐकू येत नसतात. अशा वेळी आवाज वाढविण्याने घर दणाणते, शब्द उमगत नाही. हा वरचा भाग स्वच्छ देणारा स्पीकर घरात आणणे ही त्यांची खरी सोय होय.

चित्रपटाची स्वतःची अशी मागणी एकच आहे, ती अगदी खालच्या पट्ट्याची. १९९२ पासून चित्रपटगृहांत ‘५.१’ नावाची अंकीय पद्धत आली. तिच्यात पाच मार्ग पूर्ण ध्वनीचे आणि एक मार्ग फक्त सुमारे १२० कंपनांखालच्या गडगडाटाचा असतो; तो ‘दशांश एक’ म्हणजे हाच मार्ग. स्फोट, भूकंप, विमान ह्यांसाठी तो राखलेला असतो. संवाद त्यात नसतात. तो घरी उशिरा आला तरी कथा कळण्यास काही अडत नाही.

पैशांची विभागणी

उदाहरणादाखल समजा, घराने ह्या कामासाठी ३०,००० रुपये बाजूस काढले आहेत. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि त्यांना चालविणारा अ‍ॅम्प्लिफायर ह्यांत ते वाटावयाचे ठरविले, तर अ‍ॅम्प्लिफायरचे दहा हजार वजा जाता सहा पेट्यांना प्रत्येकी ३,३०० रुपये जेमतेम येतात. तेच दोन पेट्यांवर १७,०००, अ‍ॅम्प्लिफायरवर १०,००० आणि तारा व स्टँड ह्यांवर ३,००० असे योजिले, तर प्रत्येक पेटीच्या वाट्यास ८,५०० रुपये येतात. आणि ऐकावयाचे गाणे तर दोनच मार्गांचे असते. मागच्या स्पीकरांना त्या वेळी काही कामच नसते. प्रथम दोनच, पण चांगले, हा नियम थोड्या पैशांत दोन्ही साधू पाहणाऱ्या घरास सर्वांत सोयीचा आहे. रक्कम निम्मी असली तरी प्रमाण हेच ठेवावे. अंगभूत अ‍ॅम्प्लिफायर असलेली जोडीही मिळते; जागा व तारा कमी लागत असल्याने लहान घरास ती बरी.

मग साउंडबार घेऊच नये काय? तसे नाही. खोली अगदी लहान असेल, घर भाड्याचे व बदलीची नोकरी असेल आणि मुख्य हेतू बातम्या व मालिका नीट ऐकू याव्यात एवढाच असेल, तर साउंडबार उपयोगी आहे. परंतु हाताएवढ्या पट्टीत डावा व उजवा आवाज एकमेकांपासून फार दूर ठेवता येत नाहीत, आणि गाण्याचा विस्तार तेथे कमी पडतो. ज्या घरात गाणे रोज ऐकले जाते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

खोक्यावरील आकडे

सर्वांत फसवा आकडा वॅटचा. ‘पी.एम.पी.ओ.’ ह्या अक्षरांपुढे छापलेले हजारो वॅट क्षणैक आणि कल्पित असतात. त्यांकडे दुर्लक्ष करावे. ‘आर.एम.एस.’ ह्या नावाने दिलेला सतत शक्तीचा आकडा त्या मानाने विश्वसनीय. त्याहूनही महत्त्वाचा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक वॅट दिल्यास एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो तो. तो ८७ आहे असे धरू. अडीच मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत येईतो मोकळ्या जागेच्या हिशेबाने ८ डेसिबल कमी होतात; दोन स्पीकर असल्याने सुमारे ३ मिळतात; म्हणजे एका वॅटला ८२ डेसिबल झाले. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणजे नेहमीच्या ऐकण्यास एक वॅटही जास्त होतो! चित्रपटातील क्षणिक उसळीसाठी १० वॅटला ९२ आणि ५० वॅटला ९९ डेसिबल मिळतात. बारा फुटांच्या खोलीस ४०-५० प्रामाणिक वॅट पुरून उरतात.

तिसरा आकडा ओहमचा. अ‍ॅम्प्लिफायर चार ओहमचा भार सोसणारा नसेल तर आठ किंवा सहा ओहमचे स्पीकर घ्यावेत. कंपनांचा पल्ला दिलेला असेल तर त्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असे लिहिले आहे की नाही ते पाहावे. ती मर्यादा नसलेला पल्ला कितीही लांब असला तरी त्यावरून काही कळत नाही.

आणखी एक गोष्ट खोक्यावर क्वचितच असते, ती डोळ्यांनी पाहावी. वूफरच्या कागदी वा इतर शंकूभोवती मऊ कडा असते. ती रबराची असेल तर पुष्कळ वर्षे टिकते. फोमची असेल तर आपल्याकडील दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होऊ लागतो. कोकण, गोवा, केरळ, बंगाल अशा प्रदेशांतील वाचकांनी हे विसरू नये.

दुकानात काय ऐकावे

दुकानदार जे लावील ते त्याच्या मालास शोभणारे असते. म्हणून आपल्या परिचयाचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. प्रथम वृत्तनिवेदकाचा किंवा कथाकथनाचा नुसता आवाज लावावा. तो माणसासारखा वाटतो की पिंपात बोलल्यासारखा? नंतर तानपुरा ऐकावा. त्याची जवारी झणझणीत पण सुखद वाटली पाहिजे, कर्कश नव्हे. मग तबला : डग्ग्यावरील मींड स्वर म्हणून ऐकू येते की केवळ धप्प असा आवाज होतो, हे पाहावे. शेवटी जुने एकमार्गी ध्वनिमुद्रण लावावे. बालगंधर्वांच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील गाणे एकाच मार्गाचे आहे. दोन जुळ्या स्पीकरांवर ते बरोबर मध्यातून आले पाहिजे. ते इकडे-तिकडे पसरले तर जोडी जुळलेली नाही किंवा मांडणी चुकली आहे.

दोन जोड्यांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा राखण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानास नेहमी सरस भासतो. आणि शक्य असल्यास घरातील ज्येष्ठ व्यक्तीस बरोबर न्यावे. डोळे मिटून त्यांनी संवाद ऐकावा आणि शब्द न् शब्द परत सांगावा. ही परीक्षा कोणत्याही आकड्याहून खरी. घरबसल्या मागविणार असाल तर परत करण्याच्या अटी आधी वाचाव्यात.

घरातील मांडणी : बिनखर्चाची सुधारणा

चांगले स्पीकर वाईट जागी ठेवले तर पैसे वाया जातात. दोन स्पीकर आणि बसण्याची जागा ह्यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. कपाटाच्या माथ्यावर ठेवलेला स्पीकर माळ्याला गाणे ऐकवितो. भिंतीला, विशेषतः कोपऱ्याला, पेटी जितकी जवळ तितका खर्ज फुगतो. म्हणून वीतभर तरी पुढे ओढावी, आणि घुमणे थांबेपर्यंत थोडे-थोडे हलवून पाहावे. आपल्या घरांतील विटांच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज परतवितात व शब्द पुसट करतात. सतरंजी, जाड पडदे, गादी, पुस्तकांचे कपाट ह्यांनी तो दोष पुष्कळ कमी होतो. पंख्याचा वेग एका अंकाने उतरविला तरी हळुवार आलाप वर येतो.

तारांसाठी फार खर्च करू नये. चार-पाच मीटरसाठी दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची दुपदरी तार पुरते. मात्र लाल टोक लालास व काळे काळ्यास हे दोन्ही पेट्यांवर पक्के तपासावे. एकीकडे उलटले तर एक शंकू पुढे येत असता दुसरा मागे जातो. खर्ज नाहीसा होतो आणि मधला आवाज विस्कटतो. माझ्या हातून हेही झाले. आठवडाभर मी नव्या स्पीकरांना दोष देत होतो, आणि दोष माझ्या जोडणीचा होता.

टीव्हीशी जोड शक्यतो तारेनेच करावी. अ‍ॅम्प्लिफायरला ‘एच.डी.एम.आय. ए.आर.सी.’ची खाच असेल तर एकाच तारेने काम भागते आणि टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त करता येतो. घरातील सर्वांना ही मोठी सोय वाटते. नसेल तर प्रकाशतंतूची तार चालते. दोन्ही वेळी टीव्हीच्या ध्वनिविषयक यादीत ‘पी.सी.एम.’ हा पर्याय निवडावा, म्हणजे पाच मार्गांचा ध्वनी दोन मार्गांत नीट मिसळून येतो. आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करावेत. ब्लूटूथने गाणे ऐकावयास हरकत नाही, पण चित्रपटात आवाज ओठांच्या मागे पडण्याचा संभव असतो.

पुढची पायरी

दोन स्पीकर घेतले म्हणजे दार बंद झाले असे नाही. अ‍ॅम्प्लिफायर घेताना सबवूफर जोडण्याची सोय आहे ना, एवढे पाहून ठेवावे. वर्ष-दोन वर्षांनी पैसे साठले आणि गडगडाटाची हौस टिकली, तर सबवूफर आणावा. सर्वांनी समोरासमोर बसणे शक्य नसेल, बाजूला बसणाऱ्यांना संवाद एकाच पेटीतून येत असतील, तर मधला स्पीकर उपयोगी पडतो. तो त्याच मालिकेतील घ्यावा, म्हणजे आवाजाचा रंग बदलत नाही. परंतु त्यासाठी अनेक मार्गांचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. ज्यांचा तो बेत पक्का आहे त्यांनी पहिल्यापासूनच तसा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन त्यास प्रथम दोनच स्पीकर जोडावेत. मागचे स्पीकर सर्वांत शेवटी.

आणि शेजाऱ्यांचाही विचार करावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खर्जाचा ध्वनी भिंतीपलीकडे सर्वांत सहज जातो. शेजाऱ्यांना गाणे ऐकू येत नाही, फक्त धडधड ऐकू येते. रात्री सबवूफर बंद ठेवणे हा साधा सुसंस्कृतपणा होय.

दोन वर्षांनी मी तो सहा पेट्यांचा संच मिळेल त्या किमतीस देऊन टाकला आणि साध्या लाकडी पेट्यांची एक जोडी आणली. तारा सुलट झाल्यावर एका संध्याकाळी टीव्हीवर ‘श्यामची आई’ लावला. तो १९५३ चा चित्रपट, त्याचा ध्वनी एकाच मार्गाचा. आवाज पडद्याच्या मधोमध उभा राहिला. वडील नेहमीप्रमाणे आत जाण्यासाठी उठले होते. ते दारातच थांबले, मग परत येऊन खुर्चीवर बसले. चित्रपट संपेपर्यंत त्यांनी एकदाही ‘काय म्हणाली?’ असे विचारले नाही. त्यानंतर ट्रान्झिस्टर आतल्या फळीवरच राहिला, आणि वडील आम्हा सर्वांबरोबर बाहेरच्या खोलीत बसू लागले.